मागच्या कुंपणापर्यंत शब्द पोचू द्या: मैदानी पॉप कॉन्सर्टच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात मोठ्या मैदानांवर पॉप कॉन्सर्ट भरवणारे सर्व आयोजक, आणि त्यांच्यासाठी साउंड लावणारी मंडळी

सप्रेम नमस्कार.

पॉप गाणं बऱ्याचदा कुजबुजीतून सुरू होतं. गायिका माइकपासून दोन बोटांवर ओठ ठेवून पहिलं कडवं जवळजवळ बोलते. तिने घेतलेला श्वाससुद्धा रेकॉर्डिंगमध्ये मुद्दाम ठेवलेला असतो. मग धृपदाला तिच्याच आवाजाचे तीन-चार थर एकमेकांवर चढतात, खालून बास भरतो आणि किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ढोल, छातीवर येतो. हे सगळं आम्ही हेडफोनवर शेकडो वेळा ऐकून कॉन्सर्टला येतो. कोणत्या ओळीआधी अर्धी मात्रा शांतता आहे, कुठे मागचा कोरस मुख्य आवाजाच्या पुढे सरकतो, हे पाठ असतं. रॉकचा आवाज थोडा गढूळ झाला तरी गिटारच्या जोरावर गाणं तरून जातं. पॉपमध्ये शब्द आणि त्या शब्दांची जवळीक गेली की हाती फक्त धडधड राहते.

मागच्या स्टँडिंगमध्ये, म्हणजे स्टेजपासून ८० ते १२० मीटरवर, आपल्याकडच्या बऱ्याच कार्यक्रमांत हेच होतं. हे पत्र त्या पट्ट्याबद्दल आहे. तिथलं तिकीट स्वस्त असतं हे मान्य. पण सर्वांत जास्त माणसं तिथेच उभी असतात, आणि गाण्याचे शब्द ऐकू येणं ही महागड्या तिकिटाबरोबर मिळणारी सोय असू नये.

१ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला, तेव्हा असा कलाकार मुंबईत उभा राहिला हेच लोकांना पुरेसं होतं. आता काळ वेगळा आहे. २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा हा संगीत महोत्सव होतो. मार्च २०२४ मध्ये एड शीरन तिथेच गायला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुआ लिपा बीकेसीत येऊन गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन रात्री कार्यक्रम केले. कलाकार येतायत, लोक पैसे मोजतायत. आता मागणी बारकाव्यांची आहे, म्हणून हे पत्रही बारकाव्यांचंच आहे.

आधी अंतराचा हिशोब. एका बिंदूतून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. १० मीटरवरून ८० मीटरवर जाताना अंतर तीनदा दुप्पट होतं, म्हणजे १८ डेसिबल गेले. स्टेजच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे वाकलेले जे स्पीकर टांगतात, ते लाइन अ‍ॅरे, ही घट बरीच आटोक्यात ठेवतात. जवळच्या टप्प्यात, वरच्या कंपनांसाठी, ती दुपटीला ३ डेसिबलपर्यंत येते. पण हवा जे खाते ते अ‍ॅरेला टाळता येत नाही. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ट’ ही अक्षरं ओळखू येतात ती प्रामुख्याने ४ ते ८ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यामुळे, आणि नेमका हाच पट्टा हवेत लवकर विरतो. २० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ८ किलोहर्ट्‌झचा आवाज १०० मीटरमध्ये साधारण ८ डेसिबल गमावतो. १५ अंश आणि २० टक्के आर्द्रतेत हाच आकडा २० डेसिबलच्या आसपास जातो. म्हणून समुद्राकाठी महालक्ष्मीला चाललेली मांडणी पुण्याच्या कोरड्या थंडीत जशीच्या तशी चालत नाही. माणसं तीच, स्पीकर तेच, पण मागे शब्द बोथट होतात. दोष हवेचा असतो, आणि त्याची तरतूद आधी करता येते.

ती तरतूद म्हणजे डिले टॉवर, मैदानाच्या मध्यावर उभे केलेले दुसऱ्या फळीचे स्पीकर. खर्च वाचवायचा झाला की पहिली कात्री यांच्यावर चालते, किंवा चारच्या जागी दोन उभे राहतात आणि मधला भाग कोरडा जातो. टॉवर उभा केला तरी त्याची वेळ जुळवावी लागते. हिवाळ्यातल्या रात्रीच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. स्टेजपासून ६० मीटरवर टॉवर असेल तर मुख्य आवाज तिथे पोचायला १७४ मिलिसेकंद घेतो. टॉवरला तेवढा उशीर दिला नाही, तर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा हिस्सा १२५. म्हणजे १७४ चा फरक ठेक्याच्या अधेमधे कुठेतरी पडतो आणि गाणं लंगडतं. अचूक १७४ दिले तरी आवाज टॉवरमधून येतोय असं वाटतं आणि डोळे-कान वेगळ्या दिशांना ओढले जातात. म्हणून वर आणखी १० ते १५ मिलिसेकंद ठेवायचे. कान आधी पोचलेल्या आवाजाची दिशा धरतो, त्यामुळे गायिका स्टेजवरच गातेय असं वाटतं आणि शब्द मात्र टॉवर पुरवतो.

इथे एक चूक वारंवार होते. साउंडचेक दुपारी चारला ३२ अंशांत होतो आणि मुख्य कलाकार रात्री साडेआठला २२ अंशांत गातो. गरम हवेत आवाज सेकंदाला सहा मीटर जास्त धावतो. ६० मीटरच्या टॉवरसाठी हा फरक ३ मिलिसेकंदांचा, १२० मीटरच्या टॉवरसाठी ६ चा. आकडा लहान वाटतो, पण वर ठेवलेल्या दहातले सहा गेले की टॉवर आणि स्टेज एकमेकांवर आदळू लागतात आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. सूर्य मावळल्यावर, मधल्या कलाकाराच्या वेळी, कुणीतरी टॉवरमागे जाऊन ही वेळ पुन्हा जुळवायला हवी. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि एक विनंती स्टेजवरच्या निवेदकांना पोचवा. मागचे लोक बेताल टाळ्या वाजवतात असं म्हणू नका. १२० मीटरवरच्या माणसापर्यंत ठोका पोचायलाच साधारण ३५० मिलिसेकंद लागतात, आणि त्याची टाळी परत स्टेजपर्यंत यायला आणखी तेवढेच. तो त्याच्या कानावर येणाऱ्या तालातच वाजवत असतो.

बासची कहाणी उलटी आहे. मागे शब्द मरतात, बास मात्र कुठे खूप आणि कुठे काहीच नाही असा पडतो. स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूला सबवूफरचे (फक्त बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचे, थोडक्यात ‘सब’चे) दोनच ढीग लावले की असं होणारच. ६० हर्ट्‌झ म्हणजे किक ड्रमचा गाभा, त्याची तरंगलांबी साधारण पावणेसहा मीटर. दोन ढिगांपासूनच्या अंतरांत तिच्या निम्म्याचा, म्हणजे २.९ मीटरचा फरक पडला की दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. ढीग २० मीटर लांब असतील तर ५० मीटर मागे उभ्या श्रोत्याने मधल्या रेषेपासून सातेक मीटर बाजूला सरकणं पुरतं, किक जवळजवळ नाहीशी होते. मधल्या रेषेवर मात्र छाती दडपते. मिक्सरवर, म्हणजे आवाज जुळवण्याच्या टेबलावर, बसलेला माणूस बहुतेक वेळा याच मधल्या रेषेवर असतो, त्यामुळे त्याला सगळं उत्तम वाटतं. उपाय साउंडवाल्यांना माहीत आहे: सब स्टेजसमोर एका ओळीत आडवे पसरायचे आणि टोकाकडच्यांना थोडा थोडा उशीर देऊन ओळीला कमानीचा आकार द्यायचा. यासाठी बॅरिकेड आणि स्टेज यांमधली जागा आधीपासून राखून ठेवावी लागते. ती जागा ऐनवेळी प्रायोजकाच्या फलकांना जाते आणि सब पुन्हा कोपऱ्यात जातात. फलक वर टांगता येतात, सब टांगून जमिनीवरच्या ओळीचं काम होत नाही.

स्टेडियममध्ये आणखी एक अडचण असते. टांगलेल्या अ‍ॅरेचा वरचा कोन छताखालच्या वरच्या स्टँडपर्यंत पोचला नाही तर तिथे फक्त काँक्रीटवरून आपटून आलेला आवाज मिळतो. अ‍ॅरेचे वरचे दोन-तीन डबे कुठल्या रांगेवर रोखलेत हे लेझरने तपासता येतं. त्या रांगा विकायच्या असतील तर ते तपासूनच विकाव्यात.

आता आवाज किती मोठा असावा. ‘अजून मोठा करा’ अशी आमची मागणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जे मानक प्रसिद्ध केलं, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत ठेवायला सांगितलं आहे. सोबत आवाजाची सतत नोंद, कानात घालायचे प्लग आणि शांत जागा यांचीही शिफारस आहे. १०० डेसिबल हाही लहान आवाज नाही. कामाच्या ठिकाणांसाठीच्या एका प्रचलित हिशोबानुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशोबात १०० ला फक्त १५ मिनिटं मिळतात. दोन तासांचा कार्यक्रम पहिल्या रांगेत, सबच्या तोंडाशी, उघड्या कानांनी ऐकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं. गेटवर पाणी आणि टी-शर्टचे स्टॉल असतात, तिथेच प्लग ठेवा आणि लावायची रीत लिहा: स्पंजचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरायचा. स्पंजने ‘स’, ‘श’सारखी वरच्या पट्ट्यातली अक्षरं जास्त दबतात. संगीतासाठीचे फिल्टरचे प्लग सगळ्या पट्ट्यांत जवळपास सारखा आवाज कमी करतात, त्यामुळे शब्द शाबूत राहतात. दोन्ही ठेवा. लहान मुलांच्या कानात प्लग नीट बसत नाहीत, त्यांना डोक्यावरून लावायचे मफ लागतात.

टॉवर नीट लावले की पुढचा आवाज चढवायची गरजच पडत नाही. पुढच्यांचे कान वाचतात, मागच्यांना शब्द मिळतात आणि मैदानाबाहेरच्या घरांपर्यंत कमी आवाज जातो. ती घरंही आमचीच आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डीबीए (माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेले डेसिबल) जास्त किंवा ७५ डीबीए, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत हवा. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हद्दीवर ६५. पण डीबीएचं मोजमाप बासला फार हलकं धरतं. ६३ हर्ट्‌झवर ते तब्बल २६ डेसिबल वजा करतं. त्यामुळे मीटर नियमात असूनही समोरच्या इमारतीच्या काचा थरथरतात आणि पोलिसांना फोन जातो. त्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची गरम झाली की आवाज खाली वाकतो आणि दिवसापेक्षा लांब पोचतो. मागच्या दिशेचा बास मारणारी सबची मांडणी, म्हणजे दर तीन-चार सबमागे एक उलटं तोंड करून योग्य उशिराने वाजवणं, हा यावरचा साधा इलाज आहे. त्याला सब थोडे जास्त लागतात इतकंच.

रात्री १० ची वेळ तुम्हाला आमच्याइतकीच ठाऊक आहे. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, ती बहुधा गणपती, नवरात्र अशा सणांना जाते आणि जायलाही हवी. म्हणजे दीड तासाचा मुख्य कार्यक्रम साडेआठला सुरू झालाच पाहिजे. आधीच्या कलाकाराचं सामान हलवायला ३० ते ४५ मिनिटं धरा, म्हणजे त्याचा कार्यक्रम पावणेआठला संपायला हवा. गेटवरच्या रांगेमुळे वीस मिनिटं उशीर झाला की शेवटची चार-पाच गाणी जातात, आणि पॉपच्या कार्यक्रमात सगळ्यांना पाठ असलेली गाणी शेवटीच ठेवलेली असतात. कलाकारावर राग निघतो, पण कारण बऱ्याचदा दुपारी तीनला गेटवर असतं: झडतीचे टेबल कमी, स्कॅनरला नेटवर्क नाही, आणि महिलांच्या रांगेत महिला सुरक्षा कर्मचारी अपुऱ्या. पॉपच्या श्रोत्यांत मुली मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे तिकिटांचा अंदाज घेऊन महिलांच्या झडतीचे टेबल आधीच वाढवून ठेवा.

दिसण्याबद्दल थोडक्यात. सपाट मैदानावर दीड मीटर उंचीचं स्टेज वीस मीटरनंतर दिसत नाही, म्हणून मागचा श्रोता पडद्यावर अवलंबून असतो. तो पडदा जमिनीपासून किमान माणसाच्या दीडपट उंचीवरून सुरू व्हावा. मैदानाच्या मधोमध उंच व्हीआयपी डेक उभारून मागच्यांची दृष्टी आणि टॉवरची वाट दोन्ही अडवू नका. डेक बाजूंना सरकवला तर कुणाचंच बिघडत नाही. व्हीलचेअरवरच्या श्रोत्यांसाठीचा उंचवटा मात्र मिक्सरजवळ हवा, सोबतच्या माणसाच्या जागेसह. स्टेजच्या कडेला दिला तर त्यांना स्पीकरच्या पाठीमागचा आवाज ऐकू येतो.

शब्द पोचण्याला दुसरीही बाजू आहे, आणि ती गाण्याहून मोठी आहे. पुढे दाटी झाली, पाऊस आला, एखादं गेट बंद करावं लागलं, तर सूचना याच स्पीकरमधून जाणार. ज्या कुंपणापाशी गाण्याचे शब्द कळत नाहीत, तिथे ‘डावीकडच्या गेटने बाहेर पडा’ हेही कळणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्डमध्ये चेंगरून १० जण गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या विद्यापीठात कॉन्सर्टआधी पाऊस आला, बाहेरचे लोक पायऱ्यांवरून आत धावले आणि ४ जणांचा जीव गेला. चौरस मीटरला चार माणसं असतील तोवर हात हलवता येतात. सहा-सातला पोचलं की गर्दी पाण्यासारखी हलते आणि एकट्या माणसाच्या हातात काही राहत नाही. स्टेजवरून ती लाट दिसते. मिक्सरवरच्या माणसाला कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार लेखी द्या, आणि सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आधीच रेकॉर्ड करून एका बटणावर ठेवा.

पाण्याचं गणित तर हातावर करता येतं. पुढची जागा जाऊ नये म्हणून लोक चार-चार तास पाणी पीत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिओत टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात तीव्र उष्म्यात एका तरुण चाहतीचा मृत्यू झाला, त्यानंतर तिथल्या सरकारला बाटल्या आत नेऊ द्या आणि मोफत पाणी द्या असा आदेश काढावा लागला. एका नळावर बाटली भरून बाजूला व्हायला माणसाला १५ सेकंद धरा, म्हणजे तासाला २४० माणसं. ४०,००० श्रोत्यांनी तीन तासांत एकदाच बाटली भरायची म्हटली तरी ५६ नळ लागतात. रिकामी मऊ बाटली आत येऊ द्या, आणि पुढच्या बॅरिकेडवरून ग्लास फिरवणारी माणसं ठेवा.

बाहेर पडताना सपाट वाटेने मिनिटाला एका मीटर रुंदीतून साधारण ८२ माणसं जातात, जिन्यावरून ६६. हेच ४०,००० लोक एकूण ३० मीटर रुंदीच्या गेटमधून सुमारे १६ मिनिटांत बाहेर पडतील, १० मीटरमधून ४९ मिनिटांत. आत येताना लावलेले नागमोडी बॅरिकेड शेवटच्या गाण्याआधी काढले नाहीत तर ३० मीटरचे १० व्हायला वेळ लागत नाही. पुढे नेरुळ किंवा महालक्ष्मी स्टेशनचा पूल आहे. २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं गेली, हे मुंबईला सांगावं लागू नये. कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास दिवे आणि हलकं संगीत चालू ठेवलं, खाण्याचे स्टॉल उघडे ठेवले, तर गर्दी आपोआप विरळ होत जाते.

आमची मागणी एका नकाशाची आहे. तिकीटविक्री सुरू होण्याआधी तो प्रसिद्ध करा. त्यावर प्रत्येक विभागाचं स्टेजपासूनचं अंतर मीटरमध्ये, टॉवरच्या जागा, नळ आणि गेटांची रुंदी लिहा. मग १०० मीटरवरचं तिकीट घ्यायचं की नाही हे ज्याचं तो ठरवील.

आणि गेट उघडण्याआधी एक चाचणी घ्या. तिला यंत्र लागत नाही. वीस शब्दांची यादी करा: शंख, साखर, चिठ्ठी, टाच, सशक्त, पश्चिम, खिडकी, चटका, असेच. मागच्या कुंपणाशी डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे एकेक कर्मचारी कागद-पेन घेऊन उभा करा, ज्याने यादी पाहिलेली नाही असा. गायिकेच्याच माइकवरून, मागे बास आणि ठेका चालू असताना, कुणालातरी ते शब्द साध्या आवाजात वाचायला सांगा. तिघांचे कागद गोळा करा. प्रत्येकाचे किमान अठरा शब्द बरोबर आले तर गेट उघडा. सूर्य मावळल्यावर, टॉवरची वेळ पुन्हा जुळवली की, दुसरी यादी वाचा.

आपले,
मागच्या कुंपणाशी उभे राहून ऐकणारे श्रोते